टिकली, बांगडी आणि दुर्बीण

काच पुसल्याशिवाय खाला कधी गोळी झाडायच्या नाहीत. फोन हातात आला की आधी ओढणीच्या टोकानं काच घासायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा घासायची आणि मग भिंतीआड लपलेल्या माणसाला टिपायचं. तो पडला की हळहळून म्हणायच्या, "बिचारा गं!" आणि लगेच पुढचा.

लातूरच्या बाजारात एका गल्लीत माझं पार्लर आणि शेजारी त्यांचं बांगड्यांचं दुकान. नवऱ्या मुली माझ्याकडून उठल्या की त्यांच्याकडे चुडा भरायला बसायच्या. खालांचा हात असा की घट्ट बांगडी कधी चढली ते मुलीला कळायचंच नाही. कुणी कळवळली की म्हणायच्या, "घाई नक्को. बांगडी न्हाई वळवायची, हात वळवायचा." अशी एखादी बांगडीवाली तुमच्याही गावात असेल. पण मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

तो नाद त्यांना मुलानं लावला. मुलगा हैदराबादला एका गोदामात कामाला. खाला सांगायच्या, "फोन केला की 'अम्मी, जेवलीस?' 'जेवले.' 'ठेवू?' झालं. अन् गेममधी बसला की घंटाभर बोलतो." खरंच होतं ते. दुपारी गल्ली सुस्तावली की दोघं आपापल्या गावाहून एकाच टोळीत शिरायचे. कानात इअरफोन, समोर गोळीबार, आणि गप्पा चालायच्या साहेबाच्या, खोलीच्या, भात कच्चा राहिल्याच्या. "तुझ्या मागं हाय, वळ! अन् डाळीत मीठ किती टाकलंस?" असलं काहीतरी भिंतीपलीकडून ऐकू आलं की माझ्या खुर्चीत बसलेल्या बायका दचकायच्या.

मलाही त्यांनीच शिकवलं. बंदुकीवर नेम धरायला जी साईट बसवतात, तिचे प्रकार असतात. त्यांची नावं खालांनी दुकानातूनच दिली होती. साध्या काचेत लाल ठिपका दिसतो ती टिकली. ठिपक्याभोवती गोल कडं असतं ती बांगडी. लांबचं जवळ आणते ती दुर्बीण. "खोलीत शिरायचं तर टिकली लाव," त्या सांगायच्या. "आजूबाजूचं समदं दिसतं. दुर्बीण लावली की लांबचा दिसतो, पण बाजूला उभा असलेला न्हाई दिसत. तोच मारतो मग." मी दिसायला भारी म्हणून नेहमी दुर्बीण लावायची आणि नेहमी आधी मरायची. त्यावर खाला मनापासून हसायच्या.

एकदा मुलाचा कुणी दोस्त त्यांच्या टोळीत आला. खालांनी लागोपाठ माणसं पाडलेली बघून तो म्हणाला, "अम्मी कुठं खेळतात? एम असिस्ट खेळून राहिलंय."

खालांनी इअरफोन काढला आणि मला विचारलं, "हे काय असतं गं?"

मी सांगितलं. गेमच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं. ते चालू असलं की आपला नेम समोरच्याच्या जवळपास गेला तरी गेम त्याला थोडा आपणहून तिकडे ओढून घेतो. एवढ्याशा काचेवर बोटांनी खेळणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे, बहुतेक सगळेच वापरतात, त्यात लबाडी काही नाही. पण खालांचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे मी मारतच नव्हते?"

"मारत होता हो. थोडी मदत होती, इतकंच."

"बंद कर," त्या म्हणाल्या. "माझं मला कळू दे."

मी बंद केलं. त्या दिवसापासून खाला हरायला लागल्या. पहिल्यांदा वाटलं, सवय मोडलीय, येईल हात. पण त्यांचं चुकणं वेगळंच होतं. उजवीकडून कुणी आलं की त्या बरोबर टिपायच्या. डावीकडून, खालच्या अंगानं कुणी आलं की तो अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला तरी त्यांना पत्ता नसायचा. मुलगा इअरफोनमधून ओरडायचा, "अम्मी, बाजूला!" त्या विचारायच्या, "कुठं रे?"

त्यांनी दोष साईटला दिला. "या दुर्बिणीची कड काळी हाय." दुर्बिणीची कड काळी असतेच, मी म्हटलं, टिकली लावा. त्यांनी टिकली लावली, थोडा वेळ खेळल्या आणि चिडून फोन माझ्यापुढे धरला.

"हे बघ. हिच्यातबी काळं. खालून डाव्या बाजूनं पदर धरल्यावानी वर चढून राहिलंय."

मी बघितलं. काच स्वच्छ होती. टिकलीला काळी कड नसतेच.

"खाला, उजवा डोळा मिटा बघू."

त्यांनी मिटला. "हाव, हे बघ, आता जास्तीच काळं."

"आता डावा."

"उजव्यानं धूरच दिसतो गं. मोतीबिंदू हाय ना त्यात. पण काळं न्हाई."

मी विचारत गेले आणि त्या सहज सांगत गेल्या. कधी कधी डोळ्यात लखकन चमकतं, त्यांना वाटायचं गेममधली बंदूक. काचेवर काळे कण तरंगतात, कितीही पुसा, जात नाहीत. म्हणून तर त्या सारखी काच पुसायच्या. आणि मी रोज शेजारी बसून ते बघून हसत होते.

"चला, डॉक्टरकडे."

"आता? लग्नसराई हाय बेटी. चुडे भरायचेत. ऐतवारी जाऊ."

मी वाद घातला नाही. त्यांच्या दुकानाचं शटर ओढलं, माझं ओढलं आणि रिक्षा थांबवली. वाटेत त्या माझ्यावर रागावून बाहेर बघत बसल्या होत्या.

बाजारातल्याच ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकून बराच वेळ आत बघितलं. मग खुर्ची मागे घेऊन म्हणाल्या, "मावशी, उजव्याचा मोतीबिंदू थांबेल. हा डावा थांबणार नाही. आतला पडदा सुटत चाललाय. नजरेची मुख्य जागा मधोमध असते, तिथपर्यंत अजून पोचलं नाही. आजच नांदेड गाठा, पडद्याचं ऑपरेशन तिथे होईल."

"अन् न्हाई गेले तर?"

"तर बांगडी भरणार कशी?"

खालांनी माझा हात धरला. इतक्या बायकांचे हात धरलेला तो हात तेव्हा गार पडला होता.

नांदेडला त्यांची मुलगी दिली आहे. तिला फोन केला, गाडी ठरवली आणि निघालो. अहमदपूर मागे पडल्यावर खाला म्हणाल्या, "ते एम असिस्ट चालूच राहिलं असतं, तर?" गेम त्यांच्या वतीनं नेम धरत राहिला असता आणि डोळा मुकाट्यानं जात राहिला असता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगा हैदराबादहून आला तो रडतच. "अम्मी, माझ्या दोस्तानं तुला टोमणा मारला, अन् मी हसलो."

खाला उपड्या झोपलेल्या. पडदा जागी चिकटायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, म्हणून तोंड खाली ठेवूनच राहायचं होतं. तशाच उशीतून म्हणाल्या, "त्याला मिठाई दे. टोचला म्हणून कळलं. अन् मला सांग, असं निजून मी नेम कुणावर धरू? फरशीवर?"

मला लातूरला परतावं लागलं. डॉक्टर काय म्हणतात याची वाट बघत मी काम करत होते, पण चित्त नांदेडला. एका बाईची एक भुवई कोरून झाली होती, तेवढ्यात फोन वाजला. "बैठ गया, परदा बैठ गया!" खालांची मुलगी ओरडत होती. मी दोरा तोंडात तसाच धरून गल्लीत पळाले आणि जो दिसेल त्याला सांगत सुटले. परत आले तेव्हा ती बाई एका भुवईनिशी दारात उभी राहून डोळे पुसत होती. तिच्या लग्नाचा चुडा खालांनीच भरला होता.

खाला काही लातूरला परतल्या नाहीत. मुलीनं सोडलं नाही, आणि त्यांनाही नातवंडांचा लळा लागला. दुकान उठलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. माझ्या भिंतीपलीकडून आता डाळीच्या मिठाची चौकशी ऐकू येत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी नांदेडला गेले होते. बुडबुडा कधीच विरला होता, उजव्याचा मोतीबिंदूही काढून झाला होता. खाला खेळतच होत्या.

"एम असिस्ट चालू केलं का?"

"हाव. मदत घेते आता. पण मधूनमधून बंदबी करते. मी बघून राहिले का तेच बघून राहिलंय, कळाया पाहिजे ना."

नको म्हटलं तरी त्या मला सोडायला बसस्टँडवर आल्या. गर्दी, धूळ, लांबवर फाटकातून एक लाल गाडी आत वळत होती. मी डोळे बारीक करून पाटी वाचायचा प्रयत्न करत होते.

"लातूर," खाला म्हणाल्या. "वाया लोहा, अहमदपूर. पळ, खिडकीची जागा धर."