निळ्या खोक्यातला आणि हिरव्या खोक्यातला

आमच्या घरात संगणक आला तो बायकोच्या कामासाठी आणि जास्त वापरला मी, गाड्यांच्या शर्यतीसाठी. हे मी कधी लपवलं नाही. महाडच्या हायस्कुलात दिवसभर गणित शिकवून आलेल्या माणसाने चहाचा कप बाजूला ठेवून संध्याकाळी चार फेऱ्या गाडी पळवली, तर कुणाचं काय बिघडतं, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. बायकोचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "पोरांना आकडेमोडीवरून रागावता आणि स्वतः इथे कठड्यावर जाऊन आपटता."

ती तुडीलची. डिप्लोमा करून लग्नाआधी मुंबईत एका ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. महाडला आल्यावर कॉन्ट्रॅक्टर लोकांची कामं घरी बसून करू लागली. नकाशा हिचा आणि नाव त्यांचं. तिला ते बोचायचं, पण ती बोलून दाखवणाऱ्यांतली नाही. आमच्याकडे ते खातं माझ्याकडे आहे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. एका शिमग्याला पोलादपूरकडच्या कापडे गावचा एक माणूस घरी आला. नोकरीला मुंबईत, गावात म्हातारी आई एकटी. मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं आणि त्याने मधे कुणी कॉन्ट्रॅक्टर न घेता थेट हिलाच विचारलं. हिचं स्वतःचं असं ते पहिलं काम. अडचण एकच होती. आई तयार नव्हती. नकाशा पुढे केला की तोंड फिरवायची आणि का, ते सांगायची नाही.

"मॅडम, तिनं हो म्हटलं तर घर, नाय तर कॅन्सल," तो म्हणाला. "माझी रजा संपायच्या आत फायनल करा कायतरी."

बायको मापं घ्यायला म्हणून कापड्याला गेली आणि दिवसभर म्हातारीजवळ बसून आली. आल्यावर म्हणाली, "त्यांना कागदावरचं घर दिसत नाही. आत जाऊन बघता आलं पाहिजे." संगणकात तिने सगळं घर भिंतींसकट उभं केलं. पण आमचा जुना संगणक घर नुसतं फिरवायला सांगितलं तरी मान टाकायचा. नवा घ्यायचा ठरला, आणि मी मासिकं काढून बसलो. माझ्या आयुष्यात एवढा अभ्यास मी बी.एड.लाही केला नव्हता.

बाजारात तेव्हा दोन प्रोसेसर होते. एक निळ्या खोक्यातला, टीव्हीवर ज्याची जाहिरात क्रिकेटच्या मधे मधे लागायची. दुसरा हिरव्या खोक्यातला, ज्याचं नाव महाडात आम्हा शर्यतवाल्यांशिवाय कुणी घेत नव्हतं. एसटी स्टँडच्या मागे एक दुकानदार संगणक जोडून द्यायचा. त्याच्याकडे त्या आठवड्यात दोन्ही तयार होते. निळा एका फोटो स्टुडिओसाठी, हिरवा कारखान्यातल्या एका साहेबांच्या घरासाठी. न्यायला माणसं यायची होती, तोवर त्याने आम्हाला दोन्ही लावून बघायची मुभा दिली.

"सर, आकडा बघा ना," तो निळ्यावर थोपटून म्हणाला. "गिगाहर्ट्झ कुणाचे जास्त? विषय संपला."

मला अशा वेळी राहवत नाही. मी म्हटलं, "अहो, एक माणूस भराभर छोटी पावलं टाकतो, दुसरा सावकाश लांब ढांगा टाकतो. नुसती पावलं मोजून आधी कोण पोचला ते सांगाल का?" दुकानदार पुन्हा निळ्यावर थोपटू लागला. बायको मात्र म्हणाली, "मग पोचूनच बघू." तिने सोबत आणलेली घराची सीडी दोन्हीकडे घातली. घराचं एकच चित्र, उन्हासावलीसकट पूर्ण रंगवायचं काम दोघांना दिलं. चित्र पट्ट्यापट्ट्याने वरून खाली उमटत होतं. निळ्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावत होता, पण चित्र त्याने आधी पुरं केलं. हिरवा तेव्हा अजून जोत्याशी रेंगाळत होता.

दुकानदाराच्या चेहऱ्यावर दिवाळी. माझा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नाही. काम तिचं, तेव्हा निर्णय तिचा, एवढी अक्कल मला होती. तरी जाता जाता, केवळ शास्त्र म्हणून, मी दोन्हीकडे माझी शर्यत लावून पाहिली. आधी निळ्यावर. चांगली चालली, फक्त घाटाच्या वळणावर गाडी क्षणभर अडखळायची. मग हिरव्यावर बसलो आणि बसलो तो बसलोच. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळत होती. ही मागे येऊन उभी राहिल्याचं मला कळलं आणि मी टोमण्याची वाट पाहू लागलो.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही गाडी वळवता तेव्हा समोरचा डोंगर आधी काढून ठेवलेला असतो, की त्या क्षणीच काढला जातो?"

"त्या क्षणीच. मी कुठे वळणार हे त्याला आधी काय माहीत?"

"मग घराचं तसं का नाही करायचं?"

मी शर्यत अर्धी सोडली. हे माझ्याकडून क्वचित घडतं. मी इतकी वर्षं गाड्या पळवल्या, मासिकांत खेळासाठी कुठला आणि कामासाठी कुठला यावर पानंच्या पानं वाचली, पण खेळ आणि काम एकच असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिच्या डोक्यात ते उभ्या उभ्या आलं. हिच्यासारखी बुद्धी आपल्या घरात आहे आणि आपण तिला चहा टाकायला सांगतो, असं वाटून मला अगदी भरून आलं. तिच्या प्रोग्रॅममध्ये बाणाच्या बटणांनी आत चालायची सोय होतीच, फक्त जुन्या संगणकाला ती झेपत नव्हती. तिने घर उघडलं आणि मला म्हणाली, "चालवा." निळ्यावर मी दारातून आत गेलो, पण खोलीत वळलो की भिंत धक्के खात यायची. हिरव्यावर सरळ माजघरापर्यंत चालत गेलो.

"आता लाइट घालवा," ती दुकानदाराला म्हणाली.

"काय?"

"कापड्यात दुपारची लाइट नसते. बॅटरीवर कोण किती टिकतो ते बघायचंय."

हा प्रश्न माझ्या एकाही मासिकाने विचारला नव्हता. दुकानदाराने एकाच इन्व्हर्टरवर आळीपाळीने दोघांना लावलं. निळा वीज नुसता पीत होता, बॅटरी लवकरच कुंईकुंई करू लागली. हिरवा त्याच बॅटरीवर आमचा चहा होऊन गप्पा संपेपर्यंत चालला.

"असाच हिरवा जोडून द्या," ती म्हणाली.

"वहिनी, चित्र हळू होईल हां," दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला.

"चित्राला वेळ लागला तर मी थांबेन. आजी थांबणार नाहीत."

अशा रीतीने मला हवा होता तोच प्रोसेसर घरी आला, आणि माझ्या एकाही कारणाने नाही.

शिमगा उलटल्यावर आम्ही कापड्याला निघालो. म्हातारी महाडला येणार नव्हती, म्हणून संगणकच तिच्याकडे न्यायचा होता. मुलाच्या रजेचे शेवटचे दिवस उरले होते, त्याने जीप आणली. संगणकाचा डबा गोधडीत गुंडाळला, दुकानदाराकडून मागून आणलेला इन्व्हर्टर बॅटरीसकट पायाशी, आणि तो दांडगा मॉनिटर माझ्या मांडीवर. पोलादपूर सोडल्यावर प्रत्येक खड्ड्याला मी त्याला लेकरासारखा कवटाळत होतो. वाडीत शिरलो तर दोन्ही बाजूंना रंगवलेली स्लॅबची घरं आणि त्यांतल्या निम्म्यांच्या दारांना कुलपं. मुंबईकर परत गेले होते.

म्हातारी कमरेत वाकलेली, डोळे मात्र तल्लख. तिच्या मुलाने ओटीवर पाटावर मॉनिटर ठेवला. लाइट नव्हतीच.

"ह्यो टीवी कशाला आनलास?" ती म्हणाली.

"आये, बघ तरी गो. आपलं घर हाय ह्यात."

मी बाणांवर बोटं ठेवली आणि अंगणातून घराकडे चालायला लागलो. लगेच काहीतरी वेगळं जाणवलं. दार फार उंच दिसत होतं, खिडकीची चौकट जवळजवळ डोळ्यांसमोर. मी हिच्याकडे पाहिलं. "आजींच्या डोळ्यांची उंची धरली आहे," ती हळूच म्हणाली. मुंबईच्या ऑफिसात साहेबाच्या उंचीने घरं दाखवतात. हिने वाकलेल्या म्हातारीच्या उंचीने दाखवलं.

म्हातारी पुढे सरकली. तिला कळलं की आपण सांगू तिकडे हा माणूस जातो. मग काय विचारता.

"पायरी हाय तितं, सांबाळून. हं. आता डावीकडं. डावीकडं म्हन्ले, गुर्जी! शाळंत काय शिकिवता?"

मी डावीकडे वळलो. थोरल्या नातवाची खोली, धाकट्याची खोली, मोरी, फडताळ. खिडकीची कडी हाताला लागेल का, तिने विचारलं. हिने लागेल म्हणून सांगितलं. मुलगा खुशीत आला होता. मग म्हातारीने मला पुन्हा पुढच्या दाराशी न्यायला लावलं.

"आनि कुलूप कुठं लावनार?" तिने मुलाला विचारलं.

"चांगलं लॅच लावू गो. भारीतलं."

"लावशील. वाडीत समद्यांनी लावलीत. आधी घर बांदलं, मग आयांना म्हमईला न्येलं नि कुलपं लावली." तिने पदर डोक्यावर ओढला. "मना नको तुजं घर."

नकाशाकडे ती तोंड का फिरवत होती, ते असं एका वाक्यात बाहेर पडलं. मुलगा मॉनिटरची वायर उगाच सरळ करू लागला. त्याच्या मनात तसंच काही असावं, निदान नाही असं त्याला म्हणता आलं नाही. माझी बोटं थांबली. एवढी खटपट करून हिचं पहिलं काम दाराशीच संपलं असं मला वाटलं आणि त्या मुलाचा रागही आला.

ही शांतपणे म्हणाली, "आजी, मागची पडवी तुम्ही बघितली नाही."

"तितं काय हाय?"

"बघा तरी."

म्हातारी जागची उठली नाही. मी माजघरातून चालत मागच्या दाराने पडवीत गेलो. हा भाग मीही पाहिला नव्हता. मुलाने सांगितलेल्या यादीत गॅसचा ओटा होता, तो आत स्वयंपाकघरात होता. इथे पडवीत एक चूल होती. मातीची, दोन तोंडांची, बाजूला लाकडं रचायला जागा, वर धुराला झरोका, आणि चुलीपुढे एकाच माणसाचा पाट. मुलाने हे सांगितलं नव्हतं. मापं घ्यायला आली होती तेव्हा ही दिवसभर जिथे बसली होती, ती जागा तिने उचलून नव्या घरात ठेवली होती.

म्हातारी पडद्याच्या अगदी जवळ आली. तिने चुलीवर बोट ठेवलं, मग मुलाकडे पाहिलं.

"चूल मांडलीस?" ती म्हणाली. "म्हंजे मी हितंच ऱ्हानार?"

मुलाने आधी माझ्या बायकोकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"हो गो आये," तो म्हणाला. "हितंच."

मी सवयीने पुढचा बाण दाबायला गेलो, तर म्हातारीने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, गुर्जी. आता कुठं न्हेऊ नका. हितंच थांबा."

मी बोटं बटणांवरून उचलली.