लाल शैवालाला गोडं पाणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आपण काय शिकतो हे सांगताना मी अजून अडखळतो. समुद्रातलं शैवाल, असं म्हटल्यावर वडील म्हणाले होते, "हौदातलं शेवाळ आमी जलमभर खरवडतोय. त्याला कालेज कशाला लागतंय?"

बारामतीहून समुद्र बराच लांब. तरी आमच्या विभागाने किनाऱ्यावरच्या वनस्पतींविषयी जनजागृती करायचं मनावर घेतलं. कोकणातल्या लोकांना जागं करायला कोकणात जावं लागलं असतं. इंदापूर तालुक्यात कॉलेजची जीप जात होती. सरांनी तिथलं एक गाव निवडलं. मंडपाचा खर्च शेती औषधांच्या एका दुकानदाराने उचलला, कारण उसावर फवारायचं शैवालाचं काळं औषध तो विकायचा.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. कोकणातल्या एका संशोधन केंद्राच्या मॅडम पाहुण्या म्हणून येणार होत्या आणि आमच्यापैकी एकाला वर्षभर किनाऱ्यावर कामाला नेणार होत्या. त्यांनीच दिलेलं लाल शैवाल मी प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत जगवलं होतं. रोज खारेपणा तपासायचा, हवा सोडायची, ऊन लागू द्यायचं नाही. ते जिवंत दाखवायचं, एवढीच माझी परीक्षा. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता.

गावात पोचल्यावर टाकी उपसरपंच आबांच्या ओसरीवर ठेवली आणि सरांनी मला बॅनर बांधायला पिटाळलं. परत आलो तर टाकीला हार घातलेला, काचेवर हळदकुंकू. इथपर्यंत ठीक होतं. मग आबा मायेने म्हणाले, "पाणी चाखून बघितलं, पार खारट. आमच्या हितल्या बोअरपरीस वाईट. म्हटलं, एवढ्या लांबनं आणलंय, मरंल की ते. समदं वतून दिलं आन् फिल्टरचं गोडं पाणी भरलं."

मला रागावताही येईना. उसाला पाणी देऊन देऊन ज्यांची रानं मिठाने पांढरी पडली आहेत, ते पाहुण्याला खाऱ्या पाण्यात कसे ठेवतील? घरातलं मीठ टाकून समुद्र होत नाही, आणि समुद्राचं पाणी बनवायचं आमचं खास मीठ बारामतीत राहिलं होतं. मी सरांच्या कानात सांगितलं. सर म्हणाले, आधी सत्कार होऊ दे.

सत्कार झाले. सरांचा झाला, आबांचा झाला, जीपच्या ड्रायव्हरचाही झाला. शैवालाबद्दल बोलला तो फक्त दुकानदार, तेही फवारणीच्या एका पंपाला औषधाची किती झाकणं टाकायची एवढंच. तोवर स्टेजवरच्या टाकीतलं पाणी गुलाबी होत गेलं आणि शैवालाचे शेंडे फिके पडले. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तात्या, सरबत झालं बघा. ग्लास आणा."

माझी पाळी आली. माईक हातात देता देता सर पुटपुटले, "सांग, हे शैवाल नैसर्गिक रंग सोडतं." स्टेजवर बसलेल्या मॅडम टाकीकडेच बघत होत्या.

"हे मेलंय," मी म्हणालो. "गोड्या पाण्यानं."

आबा उठून उभे राहिले. "म्हंजी मी मारलं म्हनायचं?"

"तुमी जपायलाच गेला, आबा. पर त्याचं उलटं हाय. ज्या मिठानं तुमचं रान मरतं, त्याच्यावरच ह्ये जगतं."

मंडपात चुळबुळ झाली. मग कुणी विचारलं, आमच्या खराब रानात हे लावलं तर येईल का? दुसऱ्याने विचारलं, समुद्राला मीठ घालतं कोण? दिवसभरातली जनजागृती ती एवढीच, आणि जेवण गार होतंय म्हणून सरांनी ती लगेच थांबवली.

पंगतीत मॅडम शेजारी येऊन बसल्या. रंग उतरतोय हे कधी लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. ड्रायव्हरच्या सत्काराला, मी म्हणालो.

"मग थांबवायचं ना."

"सत्कार थांबवता येत नाही, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. "ओहोटीही थांबवता येत नाही. परीक्षा संपली की ये, तिकडे भरपूर काम आहे."

समोरच्या पंगतीतून सरांनी तोंडातला घास गिळून मला डोळ्यांनीच बजावलं की, आधी आपण बोलू. मी मॅडमना हो म्हणालो.