बदललेलं अक्षर

जुन्या गलबताची मोडीतली रोजनिशी मी देवनागरीत उतरवत होतो. लिहिणाऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि त्याची शेवटची पानं तर लागतच नव्हती. वैतागून मी त्यांच्यापुढे ‘अवाच्य’ असा शेरा मारला. पान उलटलं तर एकदम टपोरं, गोलसर अक्षर.

“सुटलो एकदाचा,” मी शेजारच्या टेबलावरच्या सावंतबाईंना म्हणालो. “लिहिणारा बदलला.”

“बरं झालं. काय लिहितोय नवा?”

पहिलीच ओळ सहज लागली. वारा उत्तरेचा. आधीचा कारकून तापाने गेला, पहाटे समुद्रास दिला.

मी मागचं पान काढलं. ओळी खाली घसरत गेल्या होत्या. अंगात ताप असताना त्याने रोजचा वारा लिहिला होता. मला तो खुर्चीत बसून वाचायचाही कंटाळा आला होता.