सपाट पायांची फौज

रात्रपाळीला गेलेला दीपंकर मधेच कारखान्यातून निघतो, घरी येतो, अंगणातल्या वाळूवर चालतो आणि कुणाला पत्ता लागू न देता परत कामावर हजर होतो, ही शंका पारमिताच्या मनातून काही केल्या जात नव्हती. उद्यमबागेतून उचगावच्या रस्त्याला लागायचं म्हणजे ट्रकांची वर्दळ, त्यात मोटारसायकलचा दिवा अधू. पण तिची खरी भीती रस्त्याची नव्हतीच. पोरगा स्वतःच्या डोक्यात रचलेल्या राज्यात जाऊन बसला आणि परतायचंच विसरला तर काय करायचं, ही होती.

ती वाळू मुळात तिनंच आणवलेली. दीपंकरला फौजेत जायचं होतं. बेळगावात पहाटे पळणाऱ्या पोरांची कमी नाही, तोही त्यातलाच. छाती भरायची, दम टिकायचा, पण भरतीची तयारी करून घेणाऱ्या मास्तरांनी ओला पाय फरशीवर ठेवायला लावला आणि अख्खा तळवा उमटला. मधली कमान नाहीच. कुणीतरी सांगितलं, वाळूत अनवाणी पळवा, पायाखाली काचेची बाटली फिरवा, कमान येते. बी. ए. झालेली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी पारमिता एखाद्या डॉक्टरला विचारायचं सोडून टेम्पोभर वाळू मागवून मोकळी झाली. नवरा असता तर त्यानं अडवलं असतं कदाचित. पण तो गेल्यापासून घरात मायलेक दोघंच, आणि तिला मुलासाठी काहीतरी करायचं होतं.

भरतीच्या मैदानावर दीपंकर सगळ्यांच्या पुढे पळाला. मग वैद्यकीय तपासणीत पाय बघितले आणि त्याला बाजूला काढलं. घरी येऊन तो न्हाणीत कितीतरी वेळ पाय धूत बसला. पुढे त्यानं आयटीआय केलं, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर लागला. पाळीभर काळ्या वाळूत ओतकामाचे साचे दाबायचे. कामाला चोख, व्यसन नाही, पगार आणून आईच्या हातात देणारा. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई.

अंगणातली वाळू तेवढी त्यानं हलवू दिली नाही.

राज्याची गोष्ट त्यानं पहिल्यांदा सांगितली ती जेवताना, भाकरी मोडत.

"मम्मी, उन्हाळ्यावर उन्हाळे आले. मधी पावसाळाच न्हाय. वेदगंगा आटली, घटप्रभा आटली. निपाणीपासनं इथंपतोर नुसती वाळू. फाउंड्रीच्या चिमण्यांची टोकं तेवढी वर दिसत्यात."

"आणि माणसं?"

"हाईत थोडी. राकसकोप धरणाच्या कोरड्या तळाला राजा बसलाय. तिथं शेवटची विहीर हाय. फौज ती राखती."

"बंदुका घेऊन?"

"बंदुका कशाला? दाताळी घेऊन. रोज सांजचं वाळू सपाट करायची. विहिरीकडं जाणारं एक पाऊल दिसता कामा नये." मग खाली बघत म्हणाला, "त्या फौजेत सपाट पायाचीच माणसं घेत्यात. कमानीची टाच रुतती."

पारमिताला तेव्हा हसू आलं होतं, बरंही वाटलं होतं. ज्या पायांनी हाकललं, त्यांना पोरानं कुठंतरी नोकरी लावून दिली, एवढंच तिला दिसलं. त्याच्याबरोबर काम करणारा रवळू तर थट्टाच करायचा. "काकू, तुमच्या राजानं मला नापास केलं बघा. माझ्या तळव्याखालनं मुंगूस पळंल म्हनं."

मग पावलं उमटायला लागली.

रात्रपाळीला निघताना दीपंकर दाताळ्यानं वाळू सारखी करायचा. सकाळी पारमिता दार उघडून बघते तर पायरीपासून निघालेली पावलं वाळूच्या मधोमध जाऊन थांबलेली. पुढे गेलेली नाहीत, परत फिरलेली नाहीत. अनवाणी, भरीव, मधे कुठेही कोरी जागा न सोडणारी. उजव्या पावलाला करंगळी उमटलेली नव्हती. वाळू ढासळली असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण पुढच्या रात्रपाळीलाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. वारा वाढला होता, तिच्या चादरीतसुद्धा वाळूचे कण सापडत होते. दीपंकर कामावरून यायचा, पावलांपाशी ताठ उभा राहायचा, हात कपाळाला लावायचा आणि वाळू पुसून टाकायचा.

"रात्री आलतास का रे?" एकदा तिनं विचारलंच.

"मी कशाला येऊ? भरती चाललीया."

"कुणाची?"

"ते सांगायचं नसतंय, मम्मी. ज्याचा ठसा त्यालाच कळतंय. आणि त्यानं बाहेर कुणापाशी तोंड उघडलं की भरती मोडली."

तो हे डब्यात काय आहे विचारावं इतक्या सहज बोलला, त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. तिची कॉलेजातली मैत्रीण माधवी आता मनाच्या आजारांची डॉक्टर होती. "एकदा घेऊन ये त्याला," असं ती म्हणालीही होती. पारमितानं नंबर काढून ठेवला होता, पण बोट काही पुढे सरकत नव्हतं. आपल्याच हातानं पोराला दुसऱ्यांदा बाजूला काढल्यासारखं व्हायचं.

आज सकाळी दीपंकर घरी आला तो मागच्या दारानं थेट आंघोळीला गेला. त्याचा विसरलेला डबा द्यायला मागोमाग रवळू आला. पारमितानं त्याला फाटकातच गाठलं.

"रवळू, खरं सांग. दीपू रात्री मधेच बाहेर पडतो का?"

"कुठला पडतोय काकू? साचा फुटलाता. रातभर दोघंबी गुडघ्यावर. चहालासुदिक उठलो न्हाय." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विचारलं, "का वं, काय झालं?"

"काही नाही. जा तू, झोप जा."

रवळू गेला. पावलं आजही होती. पोरगा बघायच्या आत ती पुसावीत म्हणून तिनं दाताळं उचललं. वाळूवर चपला घालून जायचं नाही हा दीपंकरचा नियम. सवयीनं तिनं चपला पायरीशी काढल्या आणि पाऊल टाकता टाकता तिची नजर स्वतःच्या उजव्या पायावर गेली.

निपाणीत तिची आई, सोनुबाई, तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथं लहानपणी खेळताना तंबाखू कापायच्या पात्याखाली पारमिताच्या उजव्या पायाची करंगळी गेली होती. ते इतकं जुनं, की ती तो पाय पुरा समजूनच वागायची.

तिनं पाऊल ठशात ठेवलं. टाच बसली, चार बोटं बसली, कड कुठेही मोडली नाही. दुसरं ठेवलं, तेही बसलं. आपले तळवे असे आहेत, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. चादरीतले कण वाऱ्यानं आणले नव्हते. वाळूच्या मधोमध आपण रात्री किती वेळ उभ्या होतो, कुणाची वाट बघत होतो, यातलं तिला एक अक्षर आठवत नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी छातीत काहीतरी हलकं झालं, कुणीतरी नाव पुकारून रांगेत घेतल्यासारखं. पाय उचलू नये, कुणाला सांगू नये, असं आतून वाटत राहिलं. आणि त्या वाटण्यालाच ती घाबरली.

तिनं मान वर केली. दीपंकर पायरीवर उभा होता, केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिच्या पायांकडे बघत त्यानं सावकाश हात कपाळाला लावला. मैदानावरून परत आल्यापासून त्याच्या तोंडावर इतकं समाधान तिनं पाहिलं नव्हतं.

"मम्मी," तो हळू म्हणाला, "कुनाला सांगू नगंस हं."

ती ठशातून बाहेर आली नाही, पण कमरेला खोचलेला फोन तिनं काढला. एक शब्द बाहेर गेला की त्याच्या तोंडावरचं ते समाधान जाणार होतं, कदाचित पुन्हा न येण्यासाठी. पण नाही गेला, तर पुढच्या रात्री पावलं वाळूच्या मधोमध थांबतील याची खात्री तिला आता देता येत नव्हती. त्याचा हात कपाळावरून खाली यायच्या आत तिनं ठरवलं, माधवीला फोन लावायचा, आणि दोघांचीही नावं सांगायची.