पेटीवरचं नाव

जिनामावशीचा सल्ला फुकट असतो, पण तो ऐकायला ओल्या फरशीवर उभं राहावं लागतं. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांची ती पाच मजली इमारत. तिचे जिने मावशी चौदा वर्षं पुसतेय. लिफ्ट आहे, पण ती मनात येईल तेव्हा चालते. म्हणून आज ना उद्या प्रत्येकाला जिन्यात मावशी भेटतेच, आणि भेटली की सोडत नाही.

"कोट नंतर घे, आधी बूट घे. पाय कोरडे तर माणूस धड." "छताला ते पांढरं झाकण आहे ना, ते धूर दिसला की बोंबलतं. तेल तापवलंस की खिडकी उघड, नाहीतर अख्खी इमारत रस्त्यावर." "डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं तर 'बरं आहे' म्हणू नकोस." हा शेवटचा सल्ला तिने स्वतः भोगून मिळवलेला. तीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागून ती या देशात आली, तेव्हा एकदा तापाने फणफणली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं वाटतंय? ही सवयीने म्हणाली, बरं आहे. बाईंनी हसून घरी पाठवलं. "आता बोला! जीभही माझीच आणि तापही माझाच."

आपली भाषा बोलणारं पोर आलं की मावशीला दुप्पट चेव यायचा. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी मात्र मावशी गुडघ्याच्या उपचारासाठी तीन आठवडे रजेवर असताना आली. परत आल्यावर मावशीने बूट, धूर, ताप सगळं एका दमात सांगून टाकलं, पण पोरगी प्रत्येक गोष्टीवर म्हणायची, "हो, बाबा म्हणाले होते." बाबा तिकडे शाळेत हेडक्लार्क. सगळं जग त्यांनी आधीच वाचून ठेवलेलं. मावशीने कंटाळून तिचं नावच 'बाबाम्हणाले' ठेवलं.

बुधवारी सकाळी मावशी तिसऱ्या मजल्यावर पोचली, तर बाबाम्हणाले पायरीवर बसलेली, डोळे सुजलेले.

"ऊठ गं, तिथे ओलं आहे."

पोरगी उठली नाही. या देशात राहायला जे कार्ड लागतं, ते तिला अजून मिळालं नव्हतं. तात्पुरता कागद शुक्रवारपर्यंतच चालणार होता. त्यानंतर कॉलेज नाव कमी करणार, आणि मग सामान बांधायचं. कचेरीवाले फोनवर एकच सांगत होते, कार्डासाठी कधी यायचं ते पत्र आम्ही पाठवलंय, त्या पत्राशिवाय आत घेणार नाही.

"तीन आठवडे रोज पेटी बघतेय मावशी. रिकामी. बाबांनी माझ्यासाठी काय काय केलंय, त्यांना कसं सांगू?"

मावशीच्या हातातला मॉप थांबला. "चल खाली," ती म्हणाली.

खाली दाराशी पत्रांच्या पेट्यांची रांग होती. मावशीने पोरीच्या पेटीवरच्या नावावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"आधी राहायचा तो मुलगा."

"आणि तू कुठे आहेस?"

"बाबा म्हणाले, पुरुषाचं नाव आहे ना, मग राहू दे. मुलगी एकटी राहते हे कुणाला कळायला नको."

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं माझे आई! इथला पोस्टमन नंबर नाही बघत, नाव बघतो. नाव नसेल तर तू इथे राहतच नाहीस, पत्र परत!" राग पोरीवर कमी आणि स्वतःवर जास्त होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ती आधी हेच सांगायची. हिला बूट सांगितले, धूर सांगितला, आणि नेमकं हेच राहिलं. हिला येऊन इतके दिवस झाले म्हणजे नाव लावलंच असेल, असं धरून चालली होती.

"फाइल घे. भाड्याचा करार, पासपोर्ट. मोबाइलमधला फोटो नको, कागद घे. पळ!"

बादली जिन्यातच राहिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

पोस्टाचं गोदाम दोन स्टॉप पुढे होतं. परत आलेली पत्रं तिथे आठवडाभर ठेवतात आणि मग जिथून आली तिथे धाडतात. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट केला, करार ओळीवर बोट ठेवून वाचला आणि आत गेला. आत गेला तो येईचना. मावशी पोरीचा दंड धरून उभी राहिली. सल्ले तिच्याकडे ढीगभर होते, पण या वेळेचा एकही नव्हता.

तो आला तेव्हा हातात करडं पाकीट होतं. वर पोरीचं नाव, आणि त्यावर आडवा शिक्का: या पत्त्यावर राहत नाही. दुपारच्या गाडीने ते परत जाणार होतं.

पोरीने तिथेच फोडलं. उद्या, गुरुवार, दहा वाजून दहा मिनिटं.

"मावशी, उद्याच आहे! मावशी!" ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने पदराचं काम एप्रनने केलं, पोरीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "पाकीट फेकू नकोस. तारखेचा शिक्का त्याच्यावर असतो."

गुरुवारी दुपारी त्याच इमारतीत तळमजल्यावर मावशी राहायची त्या खोलीत चहा उकळत होता आणि ओट्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये बाबा दिसत होते. अंगठे दिले, फोटो काढला, कार्ड हातात! पोरीने ते तीनदा दाखवलं. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "देव पावला बाई. आता एक कर. पत्र मिळालंय ना, मग पेटी आहे तशीच राहू दे."

मावशीने चहाची गाळणी तशीच ठेवली आणि मोबाइलसमोर आली. "अहो हेडक्लार्क भाऊ, पोरगी थोडक्यात वाचली! तुमच्या शाळेत पोरांची नावं पटावर लिहिता ना? मग पोरीचं नाव का लपवता?"

"मावशी, तुमचे उपकार आहेत. पण बापाचा जीव आहे हो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्हीही एकट्याच राहता ना? तुमच्या पेटीवर कुणाचं नाव आहे?"

मावशीने मागे वळून गॅस बारीक केला.

"ह्यांचं," ती म्हणाली.

"असतात का ते घरी?"

"अकरा वर्षं झाली जाऊन."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आडनाव एकच, त्यामुळे तिची पत्रं त्या नावावर बिनबोभाट येत होती आणि कुणी कधी विचारलं नव्हतं. पोरीने पुढे होऊन चहा गाळला. बाबाही ओशाळले.

"भाऊ, खोटं कशाला बोलू," मावशी हळूच म्हणाली. "मीही भीतीनेच ठेवलंय. मला वाटायचं, काढलं तर लोकांना कळेल ही एकटी आहे. पण लोकांना काय, जिन्यातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. मलाच कळेल, म्हणून घाबरत होते."

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग घसा खाकरून म्हणाले, "पोरी, लाव तुझं नाव. ठळक अक्षरात लाव. मी तिथे असतो तर माझ्या अक्षरात मीच लिहून दिलं असतं."

"माझ्या अक्षराला तुमचंच वळण आहे बाबा," पोरगी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी कॉलेजला जाण्याआधी तिने दोन पट्ट्या लिहिल्या. एक तिच्या पेटीवर चिकटवली. दुसरी घेऊन मावशीच्या पेटीपाशी घुटमळली. "मावशी, काकांचं काढू?"

"काढू नकोस. पण माझं वर लाव. पत्रं आता मलाच येतात."

पोरीने पट्टी वर लावली आणि पिशवी सावरत निघून गेली. मावशीने फडकं पिळलं आणि रोजच्यासारखं पाचव्या मजल्यापासून सुरू करण्याऐवजी त्या दिवशी पेट्यांपासून सुरू केलं. आपल्या पेटीवरून फडकं दोनदा फिरवलं, आणि मग बादली उचलून वर गेली.