सुगंधाचा आठवडा

टेम्पोत शेवटची खाट चढवली तेव्हा आळीतली माणसं ओट्यांवर बसून होती. कोणी हात लावायला उठलं नाही. शैला, तुझे आबाही उठले नाहीत. प्रवरेकडून वारा येत होता आणि आई पदर घट्ट धरून पुढच्या सीटवर बसली होती. "मागं बघू नको," एवढंच ती मला म्हणाली.

नव्वदीतलं ते वर्ष. आई आपल्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, तेव्हा बौद्धवाड्यातली बाई त्या खुर्चीत बसली म्हणून कोणी उघड काही बोललं नव्हतं. पारधी वस्तीतली पोरं तेव्हा दाराबाहेर, व्हरांड्यात बसायची. आईनं त्यांना आत घेतलं. मग वर्गाचा मॉनिटर पाळीपाळीनं, आठवड्याला एक, असं ठरवलं. शिक्षकांच्या सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. आज मी बंगळूरच्या ऑफिसात टीम सांभाळते. मीटिंगमध्ये सगळे असेच पटकन "ओके" म्हणाले की मी नंतर एकेकाला गाठून पुन्हा विचारते.

वस्तीतल्या सुगंधाची मॉनिटर व्हायची पाळी आली. सोमवारी पुढचे दोन बाक रिकामे होते. मंगळवारी आमचं दूध बंद झालं. संध्याकाळी तुझे आबा आले, उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बाई, तुमी चांगल्या हायत. पन तुमची पोरगी नदीवरच्या वाटंनं एकटीच येती."

"हा निरोप कुणाचा, आबा?"

"कुनाचा न्हाई. मी आपलं बोललो."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आई माझं मनगट धरून घरी आणायची. सुगंधाला मात्र तिनं काढलं नाही. ती पोर निम्म्या रिकाम्या वर्गासमोर उभी राहून हजेरी घ्यायची. गैरहजर मुलांची नावंही खणखणीत पुकारायची आणि उत्तराची वाट बघायची. शनिवारी तिचा आठवडा पुरा झाला. सोमवारी ती आली नाही. आई वस्तीवर गेली तर पालं नव्हती, जमीन काळी पडली होती. चुलींची राख की आणखी कशाची, हे गावात एकानंही सांगितलं नाही. महिन्याभरात आईची बदली झाली. तिनं मागितलेली नव्हती.

आई आता माझ्याकडे असते. सुगंधाचा ठावठिकाणा तिनं पुष्कळ ठिकाणी विचारला, लागला नाही.

परवा तू फोनवर म्हणालीस, "आता तसलं काही न्हाई राहिलं गं. ये की चार दिवस." तू त्याच शाळेत शिकवतेस म्हणून मी विचारलं, वस्तीतली पोरं येतात का?

"तिथं कुनी राहतच न्हाई आता," तू म्हणालीस, आणि मुलांच्या परीक्षेचं बोलू लागलीस.

मी येईन, शैला. तुझ्या हातचं जेवेन, आपल्या बाकावर बसेन. ते गाव माझंच आहे, दुसरं कुठलं सांगताच येत नाही मला. पण आईला तुझं बोलावणं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडायची थांबली.

"जा," ती म्हणाली. "पण उजेड आहे तोवर निघ तिथून."