सदूभाऊंची बॉल मिल

कारखान्यातली धूळ आणि किस्से, रोज झाडा, रोज तितकेच साठतात! सांवेर रोडवर खनिजं दळायच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होतो, तेव्हाचे हे किस्से. निम्मे तर एकट्या सदूभाऊंचे.

इंदूरच्या कपडा मिल एकेक करून बंद पडल्या, त्यात सदूभाऊंचीही गेली. मग ते आमच्याकडे बॉल मिलवर आले. म्हणजे आडवा फिरणारा मोठा ड्रम, आत पोलादी गोळे. गोळे वर चढतात, दगडावर आदळतात, दगडाचं पीठ होतं. हीपण नोकरी गेली तर या वयात कोण घेणार, ही धास्ती सदूभाऊंना कायम असायची. तोंड मात्र गप्प बसायचं नाही!

* * *

सेठजींना वाटलं, ड्रम जोरात फिरवला की माल जास्त निघेल. पुली बदलली. गोळे भिंतीला चिकटून नुसते गरगर फिरू लागले, दगड होते तसेच बाहेर!

सदूभाऊ म्हणाले, "सेठजी, सगळे झुल्यात बसलेत. काम कोण करणार?"

* * *

एकदा मोजणीत गोळे कमी भरले. सेठजींना चोरीचा संशय आला. गेटवर आमचे डबे उघडून बघू लागले!

सदूभाऊंनी डबा पुढे केला. "बघा ना. पण चोर तुम्हीच आहात, सेठजी! गोळे झिजून पावडरमध्ये गेले, ती तुम्हीच विकली."

* * *

पीठ किती बारीक झालंय, ते सदूभाऊ चिमटीत चोळून सांगायचे. मुलीचं लग्न ठरवायला पलासियाला गेले. विहीणबाईंनी हौसेनं बेसनाचा लाडू पुढे ठेवला. यांनी तुकडा चिमटीत चोळला.

"अजून एक फेरी पाहिजे होती."

लग्न जमलं. लाडू मात्र पुन्हा कधी मिळाला नाही!

* * *

मग लिबरलायझेशन आलं आणि सेठजींनी परदेशी इलेक्ट्रॉनिक कान आणला. ड्रम रिकामा असला की खणखणतो, भरला की आवाज दबतो. तो आवाज ऐकून यंत्र आपोआप दगड सोडणार.

"अब सदूभाऊ आराम करेंगे," सेठजी म्हणाले. सदूभाऊंचा चेहराच उतरला. मलाही वाईट वाटलं.

ट्रायलच्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये लोखंडी टाकी ठोकत होते. काय तो दणका! यंत्राला वाटलं ड्रम रिकामा, ते दगड सोडतच राहिलं.

सदूभाऊंनी बेअरिंगवर तळहात ठेवला. "पेट फुल्ल झालंय! माल बंद करा!"

"मीटर रिकामा दाखवतोय," यंत्र बसवायला आलेले इंजिनियर साहेब हसले.

पाच मिनिटांत ड्रमच्या तोंडातून दगड-पीठ उलटं आलं आणि साहेबांच्या नव्या बुटांवर पसरलं. सेठजींनी स्वतः धावत जाऊन स्विच बंद केला.

साहेब थक्क. "एवढ्या गोंगाटात तुम्हाला ऐकू कसं आलं?"

सदूभाऊ नुसते बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. शेवटी कानाशी तोंड नेऊन ओरडले.

"ऐकलं कुठे, भिया?" सदूभाऊ म्हणाले. "माझे कान तर कपडा मिलमध्येच गेले!"